पुण्याचा गणितवर्ग आणि अनुमानाचा अधिकार

पेशवाईचा अंमल संपून तीन वर्षे लोटल्यावर, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, कमिशनर चॅप्लिन यांनी विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा उघडली, तिच्यापासून पुण्यातील अर्वाचीन शिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. आणि पेशव्यांच्या कारकीर्दीत दरसाल श्रावणमासी विद्वानांस जी दक्षिणा वाटली जाई, तिच्याच रकमेतून ह्या पाठशाळेच्या खर्चाची तजवीज करण्यात आली, हेही बहुतेकांना ठाऊक असते. हीच पाठशाळा १८५१ साली पुणे कॉलेज झाली आणि १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. परंतु शिक्षणशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करीत असताना, सरावपाठांच्या निमित्ताने ह्या शहरातील गणिताचे तास जवळून पाहण्याचा योग आल्यापासून मला असे वाटू लागले आहे की, संस्थांच्या स्थापनेच्या तिथींवरून गणितवर्गाचा इतिहास कळत नाही. वर्गात मुलाच्या हाती कोणते साधन होते, आणि त्या साधनाने काम करता करता 'हे असे होत असावे' असे स्वतःच्या बुद्धीने म्हणण्याची मोकळीक त्याला होती की नव्हती, ह्या दोन प्रश्नांचा माग काढीत गेले तरच तो हाती लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत आले; दुसऱ्याचे मात्र फार काळ एकच राहिले.

पाठशाळेच्या आधीपासून, आणि तिच्यानंतरही कित्येक वर्षे, पेठापेठांतील सामान्य मुले शिकत ती पंतोजींच्या शाळेत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत भरणाऱ्या ह्या शाळेला सरकारची सनद नव्हती आणि छापील पुस्तकही नव्हते. लाकडी पाटीवर धूळ पसरावी, टोकदार काडीने तिच्यावर आकडे काढावेत, पंतोजींची नजर फिरली की हाताने पुसून धूळ पुन्हा सारखी करावी, असा तो क्रम. पाटीवर काहीच टिकत नसल्यामुळे जे टिकवायचे ते डोक्यात टिकवावे लागे, आणि म्हणून सायंकाळी परवचा म्हणताना पाढ्यांच्या पाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ह्यांची उजळणी होई. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन ह्यांचे हे पाढे आज कालबाह्य वाटतात. परंतु रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै असलेल्या त्या जगात सव्वा रुपया शेराच्या भावाने साडेतीन शेर मालाचे चार रुपये सहा आणे होतात, हे कीर्द लिहिणाऱ्या कारकुनास कागदाला हात न लावता सांगता यावे लागे. ह्या पाठांतराला घोकंपट्टी म्हणून हिणविण्याची रीत आहे. मला ते अन्यायाचे वाटते. ज्या काळी कागद महाग आणि धूळ फुकट होती, त्या काळी मुलाची स्मृती हेच हिशेबाचे यंत्र होते, आणि त्या यंत्राची निगा पंतोजींनी मोठ्या कसोशीने राखली. उणीव होती ती निराळी. साडेतीनचा पाढा पाठ असलेल्या मुलाला त्या पाढ्यातील उत्तरे एक सोडून एक पूर्ण का येतात हे कोणी विचारले नाही, आणि पुढे काय येईल असे तुला वाटते, असे तर मुळीच नाही.

ही उणीव आपल्या प्राचीन परंपरेकडून आली असे मात्र म्हणता येणार नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त इष्टकर्म नावाचे जे प्रकरण आहे, त्याचा पायाच मुळी मनाने धरलेल्या संख्येवर आहे. कमळांच्या एका राशीचा तिसरा हिस्सा शिवाला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला अर्पण केल्यावर गुरूंसाठी सहा कमळे उरली, तर मूळ राशी किती, असे त्यातील एक उदाहरण आहे. उत्तर ठाऊक नाही, म्हणून साठ ही संख्या धरून चालावे. तिच्यातून वीस, बारा, दहा आणि पंधरा वजा केले की तीन उरतात. उरावयास हवी होती सहा, अर्थात धरलेल्या संख्येची दुप्पट, म्हणजे एकशे वीस, हे उत्तर. चुकीची ठरणार हे आधीच माहीत असलेली संख्या निःशंकपणे हाती घ्यावी आणि ती किती चुकते ह्यावरूनच बरोबर संख्येपर्यंत पोचावे, ही ह्या रीतीतील बुद्धी. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि १२०७ साली त्याला दाने मिळाली, ह्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. पुढे १५४५ मध्ये नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि मूळ ग्रंथात नुसत्या सांगितलेल्या रीतींच्या उपपत्ती तीत दिल्या. ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ साली दत्तात्रेय विष्णु आपटे ह्यांच्या संपादनाने छापून काढली. धरून पाहणे आणि मग ते का जमले ह्याची उपपत्ती देणे, ही दोन्ही कामे आपल्या ग्रंथांत अशी शेजारी शेजारी उभी आहेत. ओवरीतल्या शाळेपर्यंत त्यांतले एकही उतरले नाही, कारण तेथे हवा होता तो हिशेबनीस.

इंग्रजी अमलात छापील पुस्तके आली, दगडी पाटी आली, फळा आणि खडू आले. गणिताच्या ह्या नव्या शिक्षणाला पुण्यात ज्यांनी रूप दिले त्यांत केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून आकाशाकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहण्याचे वळण ज्यांना लागले होते, असे हे गृहस्थ पुण्यास आले आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, आणि जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या ग्रहांशी जुळत नाहीत, ह्या निरीक्षणातून पटवर्धनी पंचांगाचा उदय झाला. कोष्टक हे त्या पिढीचे यंत्र होते. एकाने वर्षानुवर्षे राबून ते सिद्ध करावे आणि शेकडो लोकांनी त्यातून क्षणात उत्तर काढावे, अशी त्याची योजना असे. आणि त्या क्षणात उत्तर काढणाऱ्याला कोष्टक कसे सिद्ध झाले ह्याचा विसर पडणे, हा धोकाही तेव्हापासूनचाच आहे. छत्र्यांचे आवडते शिष्य बाळ गंगाधर टिळक. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर टिळकांनी तेथे गणित शिकविले, आणि फळ्याचा आधार न घेता ते उदाहरणे तोंडीच सोडवीत, अशी आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांकडून चालत आलेली आहे. बुद्धिमान मुलांना ह्या पद्धतीचा लाभ झाला असेल. मागच्या बाकांवरच्या मुलांचे काय झाले असेल, हा विचार अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्याच्या मनात आल्याखेरीज राहत नाही.

परंतु ह्या सगळ्या मंडळींत मला सर्वांत जवळचे वाटतात ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले दीक्षित १८७० मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होण्याचे शिक्षण घेण्यासाठी आले, तेथे तीन वर्षे राहिले, मग ठिकठिकाणच्या सरकारी शाळांत नोकरी करीत फिरले, आणि १८९४ साली त्याच ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून परतले. १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विश्वविद्यालयाची पदवी नसलेल्या ह्या शाळामास्तराने दक्षिणा प्राइझ कमिटीच्या उत्तेजनाने लिहिलेला 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यातच छापला गेला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेली भारतीय कालगणनेची इंग्रजी कोष्टके बाहेर पडली, ज्यांच्या साह्याने शिलालेखांतील तिथींचा मेळ इंग्रजी तारखांशी घालता येऊ लागला. पेशव्यांची दक्षिणा अशा रीतीने पाऊणशे वर्षांनंतर एका मराठी शिक्षकाच्या गणितापर्यंत पोचली, ह्याचे मला मोठे समाधान वाटते.

दीक्षितांच्या अनुमानाचा एक नमुना येथे जरा सविस्तर सांगितला पाहिजे. शतपथ ब्राह्मणात, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचे एक वचन आहे. शतकानुशतके ते यज्ञविधीचा भाग म्हणून वाचले गेले होते. दीक्षितांनी ते निरीक्षकाचे वाक्य म्हणून वाचले: नेमके पूर्वेस उगवणारे नक्षत्र विषुववृत्तावर असले पाहिजे, आज कृत्तिका विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात, तेव्हा संपातचलनाच्या गतीने मागे मागे जात राहिल्यास त्या विषुववृत्तावर केव्हा होत्या हे काढता येईल. गणित करता तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे असा आला. ह्या अनुमानावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि त्या वचनाचा अर्थ इतका काटेकोर घ्यावा की नाही ह्याविषयी पंडितांत एकमत नाही. पण अनुमान बांधण्याची ही रीत पाहावी. वचन आधी, त्यावरून धरलेली गोष्ट मग, आणि तिची परीक्षा करण्यासाठी कोष्टक व आकडेमोड सर्वांत शेवटी. साधन अनुमानाच्या मागून चालले आहे.

बागलकोटचे शाळाशिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर ह्यांचे धाडस ह्याहून मोठे होते. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, आणि त्यांतील जवळचा सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे एकोणचाळीस पट अंतरावर राहून अदमासे दोनशे बेचाळीस वर्षांत प्रदक्षिणा करीत असावा, असे भाकीत त्यांनी १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिष-संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याचे अंतर आणि काल ह्या आकड्यांच्या आश्चर्यकारक जवळ निघाले; दुसरा ग्रह काही सापडला नाही, आणि प्लूटोलाही २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले. तरीही जगाने ज्या गोष्टीची वाट पाहिली नव्हती ती आधी लिहून, छापून, तारखेनिशी पुढे ठेवण्याची जी प्रामाणिक हिंमत केतकरांनी दाखविली, ती मला त्या भाकिताच्या खरेखोटेपणाहून मोलाची वाटते.

आता ह्यातील विलक्षण गोष्ट अशी की, ही सर्व माणसे पेशाने शिक्षक होती, आणि त्यांचे अनुमान करणे हे सर्वस्वी शाळेच्या वेळेबाहेर घडत होते. शाळेच्या वेळेत चालत असे ते उदाहरणसंग्रहाचे राज्य. गोपाळ कृष्ण गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत असताना त्यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले आणि ते देशभर अनेक शाळांत चालले. त्याच्या मागोमाग निघालेल्या पुस्तकांची तर गणतीच नको. मॅट्रिकची परीक्षा, सरकारी नोकरी आणि उदाहरणसंग्रह अशी ती साखळी होती. रीत सांगावी, एक उदाहरण करून दाखवावे, वीस उदाहरणे घालावीत, हा क्रम इतका रूढ झाला की आजही आम्हांला पाठटाचण लिहिताना त्याच्या बाहेर पडण्यास प्रयास पडतात. हुषार शिक्षक मुलांना अनुमान करू देत नसत ते दुष्टपणाने नव्हे. आकडेमोडीलाच इतका वेळ लागे की दहा उदाहरणे करून त्यांत काही सूत्र दिसते का हे पाहण्याची चैन पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासाला परवडत नसे. साधन मंद होते, म्हणून अनुमान वर्गाबाहेर राहिले, असे माझे मत बनले आहे.

वर्गाबाहेर राहिलेल्या ह्या अनुमानाचा सर्वांत रसाळ अध्याय दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस जन्मलेले कापरेकर ठाण्यास शाळा करून फर्ग्युसन कॉलेजात आले. सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्या कॉलेजाचे प्राचार्य होऊन गेले होते, आणि त्यांच्या नावाने स्वतंत्र गणिती लेखनाला जे पारितोषिक दिले जाई, ते १९२७ साली कापरेकरांना मिळाले. पाठ्यक्रमाबाहेरचे, स्वतः शोधलेले काहीतरी लिहून आणा, असे विद्यार्थ्याला सांगणारे हे पारितोषिक पुण्यातील गणितशिक्षणात फार दुर्मिळ असे होते, आणि ते नसते तर कापरेकर कदाचित एक सज्जन शाळामास्तर एवढेच राहिले असते. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकविले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्थेचा आश्रय नाही, साधन म्हणजे वही आणि पेन्सिल. आणि ह्या सामग्रीवर त्यांनी संख्यांच्या अंतरंगात जो संचार केला, त्याची वार्ता मार्टिन गार्डनर ह्यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातून जगभर पोचविली. तोपर्यंत आपल्याकडील कित्येक गणितज्ञ त्यांच्या कामाला करमणूक समजत होते. त्याच फर्ग्युसन कॉलेजात १९३३ पासून बारा-तेरा वर्षे गणित शिकविणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी, नाणे जितके जास्त हाती फिरले तितके ते झिजते, एवढ्याच अनुमानावर प्राचीन नाण्यांची हजारोंनी वजने करून त्यांचा कालक्रम लावण्याचा उद्योग केला, हेही येथे नोंदविले पाहिजे. तराजू आणि संख्याशास्त्र ह्यांची ती सांगड स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कापरेकरांच्या शोधांपैकी दोन आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवण्याजोगे आहेत, आणि ते ठेवून पाहिल्यामुळेच साधन आणि अनुमान ह्यांच्या संबंधाविषयी मी विचार करू लागले. त्यांतील पहिला डेमलो संख्यांचा. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, आजच्या डोंबिवलीच्या स्टेशनावर कापरेकरांना ह्या संख्यांची कल्पना सुचली आणि स्टेशनाच्या त्या वेळच्या नावावरून त्यांनी त्यांना हे नाव दिले. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, चार एककांचा १२३४३२१. मुलांना हे दाखवून, पाच एककांचा वर्ग किती येईल ते वहीच्या समासात आधी लिहा आणि मगच यंत्राला हात लावा, असे मी सांगितले. सर्वांनी १२३४५४३२१ असे लिहिले, आणि आठ आकड्यांच्या साध्या गणकयंत्राने ते उत्तर दाखविण्यास नकार दिला, कारण ते नऊ आकडी आहे. यंत्राची खिडकी संपली, मुलांचे अनुमान संपले नाही. मग भ्रमणध्वनीवर गाडी नऊ एककांपर्यंत सुरळीत गेली असे मुलांना वाटले, आणि दहा एककांना काय होईल ह्यावर वर्गात दोन तट पडले. मधे दहा लिहावे की शून्य लिहावे? भ्रमणध्वनीने १.२३४५६७९ असे काहीसे दाखवून पुढे दहाचा अठरावा घात असल्याचे सुचविले. आठ कोठे गेला, असे एक मुलगी ओरडली. तिचा प्रश्न यंत्राला विचारून सुटणारा नव्हता. फळ्यावर दहा ओळींचा गुणाकार उभा मांडला, मधल्या स्तंभाची बेरीज दहा आली, हातचा एक डावीकडच्या नवावर चढला, तो दहा झाला, त्याचा हातचा आठावर चढून आठाचा नऊ झाला, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही खरी संख्या सर्वांच्या डोळ्यांदेखत तयार झाली. हातच्याचा असा उपयोग त्या मुलांनी तिसरीपासून शेकडो वेळा केला होता. तो सूत्र मोडू शकतो हे त्यांनी प्रथमच पाहिले.

दुसरा शोध सुप्रसिद्ध ६१७४ चा. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत जावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. १९४६ च्या सुमारास सापडलेली ही गोष्ट कापरेकरांनी १९४९ च्या मद्रासच्या गणितपरिषदेत मांडली. मुलांना संख्या स्वतः निवडू दिल्यावर त्यांनी इतिहासाच्या पुस्तकातील साले निवडली, हे पाहून मला गंमत वाटली. शिवराज्याभिषेकाचे १६७४ घेणाऱ्यास पहिल्याच वजाबाकीत ६१७४ मिळाले, कारण अंक तेच आहेत. १९४७ ला पाच पायऱ्या लागल्या. मी स्वतः कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ फळ्यावर घेतले: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४, अशा पूर्ण सात.

प्रत्येक वेळी हेच येईल कशावरून, असा प्रश्न पुढे ठेवला की आजचा विद्यार्थी सहजच म्हणतो, संगणकाला सगळ्या संख्या तपासायला लावू. आरंभीची शून्ये धरून अशा संख्या ९,९९० आहेत, आणि संगणकाला त्या तपासावयास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. ही सूचना मी कधीही धुडकावून लावणार नाही. ज्या १९७६ साली चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता अमेरिकेतील आपेल आणि हाकेन ह्यांनी संगणकाच्या साह्याने दिली, त्याच साली श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना केली. अभ्यंकरांनी स्वतः १९५७ मध्ये मांडलेले अनुमान सिद्ध होण्यास १९९४ साल उजाडावे लागले, आणि तरीही शाळेतल्या बीजगणितावर त्यांची अढळ श्रद्धा होती. मला ह्या योगायोगाचे महत्त्व वाटते, कारण ६१७४ च्या बाबतीत शाळेतले बीजगणित काय करते हे वर्गात दाखविता येते. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असे मानले तर वजाबाकीचे उत्तर म्हणजे अ आणि ड ह्यांच्या फरकाची ९९९ पट अधिक ब आणि क ह्यांच्या फरकाची ९० पट. अर्थात ते नेहमी नवाने विभाज्य असते, आणि हे एका मुलाने सूत्राच्या आधीच उत्तरांवरून ताडले होते. शिवाय उत्तर मूळ संख्येवर नव्हे, केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९, दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. मोजले तर अशा जोड्या अवघ्या ५४ भरतात. नऊ हजार नऊशे नव्वद संख्यांचे काम चोपन्न वजाबाक्यांवर आले, म्हणजे आमच्याकडच्या भरलेल्या वर्गात दर मुलास एक. प्रत्येकाने आपली वजाबाकी करून, तिच्या उत्तरातून निघणारी नवी जोडी कोणती ते सांगावयाचे आणि मी फळ्यावर बाण काढावयाचा. सर्व बाण वळणे घेत घेत सहा आणि दोन ह्या जोडीशी येऊन थांबले, आणि सहाची ९९९ पट व दोनाची ९० पट मिळून ६१७४ होतात हे कोणी सांगावे लागले नाही. ही उपपत्ती धूळपाटीवरही झाली असती.

मधल्या काळात साधने किती वेगाने पालटली त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पावकी-औटकीचा व्यवहारातला आधार गेला. लॉगची पुस्तके शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात काही दशके राहिली, मग गणकयंत्राने ती बाहेर काढली. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली आणि सगळ्या राज्याचे गणिताचे पुस्तक ह्या शहरात ठरू लागले; २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने वीस एक असे वाचन सुचविले गेले, तेव्हा समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ह्यांना महाराष्ट्रभरच्या वादाला सामोरे जावे लागले. १९९१ साली पुण्याच्याच सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. आज बालभारतीच्या नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकांत जिओजेब्रा ह्या संगणकीय साधनाचा उपयोग करण्याची सूचना चौकटीत छापलेली असते. त्रिकोणाचा शिरोबिंदू पडद्यावर ओढावा आणि कोनांची बेरीज १८०च राहते हे पाहावे, अशा प्रकारच्या त्या कृती आहेत. त्यांविषयी माझे म्हणणे इतकेच की, पाहण्यापूर्वी मुलाने काही धरलेले असावे. काय दिसणार हे पुस्तकाने आधीच सांगून टाकले, तर तो पडदाही उदाहरणसंग्रहाच्या शेवटच्या पानावरील उत्तरांच्या यादीसारखाच होतो. म्हणून माझ्या पाठटाचणात समासातील लेखनाला मी स्वतंत्र रकाना ठेवते, आणि ते पेनाने लिहून घेते, खोडता येऊ नये म्हणून. निरीक्षणास आलेल्या एका प्राध्यापकांनी ह्यात वेळ जातो असा शेरा दिला. वेळ जातो हे खरेच आहे. यंत्राने आकडेमोडीचा जो वेळ वाचविला, तो दुसऱ्या कोणत्या कामी लावावा हे मला सुचत नाही.

६१७४ च्या पाठाला एक पुरवणी जोडावी लागली. तीन आकडी संख्यांवर हीच क्रिया केली की ४९५ येते, हे मुलांनी घरून करून आणले, आणि दोन स्थिरांक हाती आल्यावर पाच आकड्यांनाही एक असणारच, असे जवळजवळ सर्वांनी समासात लिहिले. काहींनी तर तो नवाने विभाज्य असेल असेही नमूद केले, जे तर्कशुद्ध होते. वहीतल्या वजाबाक्या लांबू लागल्या तेव्हा संगणकाला सर्व पाच आकडी संख्या तपासावयास लावले. स्थिरांक एकही निघाला नाही. निघाली ती तीन चक्रे: ५३९५५ आणि ५९९९४ ह्या दोघांचे एक, आणि चार-चार संख्यांची दोन, एक ६१९७४ पासून फिरणारे, दुसरे ६२९६४ पासून. मुले गप्प झाली, मग त्यांतल्या एकाने दोन आकडी संख्या घेऊन पाहिली: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, तेथेही चक्रच. तीन आणि चार आकड्यांना स्थिरांक आणि दोन व पाच आकड्यांना चक्र असे का, हा प्रश्न त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला असून पुढच्या तासाला सहा आकड्यांविषयीची अनुमाने समासात लिहून आणण्याचे त्यांनी आपसांत ठरविले आहे.